उभ्या रानाचे वजन

मंडळी, आमच्या आळीत एक म्हातारे सुतार होते. कुणाच्या बांधावरचा आंबा विकायचा निघाला, कुणाचा ऐन पाडायचा ठरला, की लोक त्यांना बोलावून नेत. म्हातारबुवा झाडाभोवती एक फेरी घालीत, खोडाला सुतळी लावीत, मान वर करून पहिल्या फांदीपर्यंत नजर टाकीत आणि आकडा सांगत. एकदा मी मास्तरकीच्या ऐटीत विचारले, "बाबा, झाड पडायच्या आधी इतकं नक्की कसं सांगता?" तर म्हणाले, "गुरुजी, खोडाचं मी सांगतो. फांद्यांचं, मुळांचं आणि आतल्या पोकळीचं त्या झाडालाच ठावं."

आज सांगावयाची गोष्ट याच प्रश्नाची आहे. मात्र झाड एक नव्हे, अब्जावधी. आणि मोजणारा बांधावर उभा नाही. तो जमिनीपासून सहा-सातशे किलोमीटर उंचीवरून जातो आहे. उष्ण कटिबंधातील घनदाट अरण्ये न तोडता त्यांचे वजन करण्याची खटपट माणसाने गेल्या पाऊणशे वर्षांत कशी केली, त्याची ही हकीगत.

आधी आमच्या सुतारबाबांची रीत पाहू. घेराचा चौथा हिस्सा घ्यावयाचा, त्याला त्यानेच गुणावयाचे आणि मग लांबीने गुणावयाचे. घेर चार फूट, लांबी वीस फूट. चौथा हिस्सा एक फूट, एके एक, वीस घनफूट. शाळेतल्या मुलांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाने हाच हिशेब केला, तर साडेपंचवीसच्या जवळपास उत्तर येते. म्हणजे सुतारबाबा चुकले काय? नाही. ओंडका चौरसताना जे फुकट जाते ते या रीतीने आधीच वजा होते. एडवर्ड हॉपस या इंग्रजाने १७३६ साली या हिशेबाची कोष्टके छापली आणि लाकडाच्या वखारीतून ती साऱ्या इंग्रजी अंमलात पसरली.

पण एका झाडाचा हिशेब वेगळा आणि रानाचा वेगळा. १८५६ साली दीत्रिख ब्रांडिस नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांवर नेमले. दरसाल किती साग तोडला तर रान तसेच राहील, हे त्याला ठरवावयाचे होते. आणि रानात साग आहे किती, हेच कुणाला ठाऊक नव्हते. ब्रांडिस हत्तीवर बसून निघाला. हातात बांबूच्या कामट्या. एका जाडीच्या झाडांना एक कामटी, दुसऱ्या जाडीच्या झाडांना दुसरी. वाटेच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या अंतरात साग दिसला की त्या त्या कामटीवर चाकूने एक खाच. पट्टा मोजून झाला की त्यावरून साऱ्या रानाचा अंदाज. हाच ब्रांडिस १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. थोडे मोजावे आणि त्यावरून पुष्कळाचा अदमास बांधावा, ही जी त्याची रीत, तिच्या पलीकडे आपण आजही फारसे गेलेलो नाही. कामटीच्या जागी काय आले, एवढेच सांगावयाचे आहे.

ब्रांडिसला लाकूड मोजावयाचे होते. आजच्या मोजणीदाराला वजन हवे आहे, आणि तेही सुक्या मालाचे. खोड, फांद्या, पाने, सारे पाणी काढून टाकल्यावर जे उरते त्याला शास्त्रज्ञ जैवभार म्हणतात. त्यातला जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा, म्हणजे कोळशाच्या मूलद्रव्याचा. झाड तो हवेतून घेते. झाड जाळले किंवा कुजले की तो पुन्हा हवेत जातो आणि पृथ्वी तापवणाऱ्या वायूत भर घालतो. तेव्हा ब्राझीलमध्ये एका वर्षात अमुक इतके रान जळाले, हे क्षेत्रफळ कळून भागत नाही. त्या रानाच्या दर हेक्टरात, म्हणजे अडीच एकरांत, किती टन माल उभा होता हे कळावे लागते. तेथेच सारे घोडे अडते. २००१ साली रिचर्ड हाउटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन अरण्याविषयी तोवर झालेले निरनिराळे अंदाज शेजारी शेजारी मांडले. सर्वांत कमी अंदाज ३९ अब्ज टन कार्बनचा, सर्वांत जास्त ९३ अब्ज टनांचा! बरे, जड रान कोठे आणि हलके कोठे, यावरही नकाशांचे एकमत नव्हते. एकाच खळ्यातल्या राशीला एकाने चाळीस पोती म्हणावे आणि दुसऱ्याने नव्वद, असा प्रकार.

तुम्ही म्हणाल, विमानातून फोटो काढावेत. काढले. पण विषुववृत्ताच्या आसपासच्या अरण्यावर ढग कायमचे बसलेले. आपल्याकडे आषाढात घाटमाथा जसा दिवसचे दिवस दिसत नाही, तशी तेथे कित्येक ठिकाणी बारमाही अवस्था. आणि ढग दूर झाले तरी कॅमेऱ्याला दिसते काय? वरची हिरवी पाने. गवताळ कुरणही हिरवे आणि दोनशे वर्षांचे रानही हिरवे. पांघरुणावरून आत निजलेला माणूस किती किलोचा ते सांगा, असे म्हटल्यासारखे ते झाले.

येथे रेडिओच्या लहरी मदतीला आल्या. आणि आपण आकाशवाणीच्या पुस्तिकेत हे वाचत आहोत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडात डॅव्हेंट्री येथे वॉटसन-वॉट आणि त्याचा सहकारी विल्किन्स यांनी एका शेतात यंत्र मांडून विमानावरून परतणारी लहर पकडली. ही लहर कुठली? बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपण केंद्राची! कार्यक्रम ऐकविण्यासाठी सोडलेली लहर विमानावर आपटून परतते, हे त्या दिवशी सिद्ध झाले आणि त्यातून लढाईतले रडार निघाले. रडारची लहर ढगातून आरपार जाते आणि तिला सूर्यप्रकाशाची गरज नसते. स्वतःचा कंदील स्वतः घेऊन फिरणारा हा पाहणारा आहे.

फक्त एक अडचण होती. रडारचे चित्र स्पष्ट हवे तर त्याची ग्राहक तबकडी फार मोठी हवी. उपग्रहावरून रान पाहावयाचे तर ती काही किलोमीटर लांब लागेल. एवढी मोठी कोण वर नेणार? १९५१ साली अमेरिकेत गुडइयर कंपनीतील कार्ल वायली याला युक्ती सुचली. आगगाडी शिट्टी वाजवीत जवळ येते तेव्हा तिचा सूर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो, हे तुम्ही ऐकले असेल. उडत्या रडारकडे परतणाऱ्या लहरींचेही तसेच होते; पुढच्या झाडाची लहर थोडी चढी, मागच्याची थोडी उतरती. वाटेतल्या साऱ्या लहरी साठवून मग गणिताने एकत्र केल्या, तर लहानशी तबकडीदेखील मैलभर लांबीच्या तबकडीचे काम करते. जमिनीची चित्रे टिपणारे आजचे रडार-उपग्रह या युक्तीवर चालतात.

ब्राझीलने या विद्येचा पहिला मोठा वापर केला. १९७० साली त्या सरकारने 'रादाम' नावाची योजना काढली. अरण्यातून आरपार मोठा रस्ता नेण्याचे काम नुकतेच सुरू झाले होते आणि आपल्याच देशाचा निम्मा नकाशा कोरा, ही त्यांना लागलेली बोच होती. १९७१ पासून कॅरावेल जातीच्या विमानाला रडार लावून त्यांनी ढगांच्या वरून अ‍ॅमेझॉनचे खोरे पट्ट्यापट्ट्याने टिपले. डोंगर, नद्या, दऱ्या पहिल्यांदाच नीट उमटल्या. पण माझ्या मते रादामचे खरे मोल त्या चित्रांत नाही. त्यांनी खाली माणसेही पाठविली. एक-एक हेक्टराचे दोन हजारांहून अधिक तुकडे आखून, त्यातल्या मीटरभराहून अधिक घेराच्या झाडांची मोजणी केली. पुढे तीस-चाळीस वर्षे अ‍ॅमेझॉनच्या वजनाचा जो जो हिशेब झाला, त्यात या वह्यांचा आधार पुन्हा पुन्हा घेतला गेला. त्यांचे रडार मात्र वजनाच्या कामी यावयाचे नव्हते. त्याचे कारण लहरीच्या लांबीत आहे आणि ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

रेडिओ ऐकणाऱ्याला लहरीची लांबी नवीन नाही. मध्यम लहरींच्या केंद्राची लहर शेकडो मीटर लांब असते, एफ. एम. केंद्राची साधारण तीन मीटर. रडारच्या लहरी त्याहून आखूड. रादामच्या विमानाची लहर तीन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी. आता नियम असा, की लहर आपल्या लांबीच्या मानाने फार बारीक वस्तूंना जुमानत नाही आणि आपल्या मापाच्या वस्तूंवर आपटून परत येते. तीन सेंटिमीटरची लहर वरच्या पानांवर आणि काडक्यांवरच आपटते. आत शिरतच नाही. पाच-सहा सेंटिमीटरची थोडी आत जाते. तेवीस-चोवीस सेंटिमीटरची लहर पानांतून निघून जाते आणि जाड फांद्यांना भिडते. सत्तर सेंटिमीटरची लहर मोठ्या फांद्या आणि खोडे यांपर्यंत पोचते, कधी जमिनीपर्यंतही. झाडाचे वजन तर खोडात आणि मोठ्या फांद्यांतच असते.

परतलेल्या लहरीवरून ओळख कशी पटते, तेही पाहा. अंगण आणि भिंत यांच्या कोपऱ्यात रबरी चेंडू फेकला तर तो दोन टप्पे घेऊन फेकणाऱ्याकडेच येतो. जमीन आणि खोड यांच्या कोपऱ्यात लहरीचे तसेच होते. दुसरी खूण आडव्या-उभ्याची. दोरी खुंटीला बांधून हात डावी-उजवीकडे हलविला तर आडवी लहर जाते, वर-खाली हलविला तर उभी. रडार आडवी लहर पाठविते. मोकळ्या माळावरून ती बहुतेक आडवीच परतते. रानात मात्र वेड्यावाकड्या फांद्यांत धडपडून तिचा काही भाग उभा होऊन येतो. हा उभा झालेला भाग जितका अधिक, तितके रान भरलेले.

लांब लहर उपग्रहावर प्रथम नेली ती अमेरिकेने, 'सीसॅट'वर, जून १९७८ मध्ये. तो होता समुद्र पाहण्यासाठी, पण वाटेत जमीन लागेच. त्याची लहर तेवीस सेंटिमीटरची. बिचारा १०५ दिवस चालला आणि ऑक्टोबरात विजेच्या जोडणीत बिघाड होऊन मुका झाला. त्यानंतर स्पेस शटलमधून काही दिवसांच्या फेऱ्या झाल्या. पण अरण्याची सलग पाहणी केली ती जपानने. फेब्रुवारी १९९२ मध्ये त्यांचा 'जेर्स-१' वर गेला आणि वर गेल्यावर त्याची घडीची तबकडी उघडेचना. एप्रिलमध्ये ती एकदाची उघडली, तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला. या उपग्रहाने १९९५ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉनचे खोरे पाणी उतरलेले असताना आणि १९९६ मध्ये पाणी चढलेले असताना, असे दोनदा टिपले. पुरात बुडालेले रान त्यात लखलखीत दिसते. जमिनीच्या जागी पाण्याचा आरसा आला की तो कोपऱ्यातला चेंडू अधिकच जोराने परततो ना, म्हणून.

हे लखलखणे पाहून कौतुक वाटते, पण वजन करणाऱ्याच्या दृष्टीने तो घोटाळा आहे. पाऊस पडून गेला, पाने भिजली, की तेच रान उजळ दिसते. रडारकडे तोंड केलेला डोंगराचा उतार उजळ, पाठीचा काळोखा. सह्याद्रीसारख्या मुलखात ही पंचाईत कायमचीच.

त्याहून मोठी पंचाईत पुढे आली. फ्रान्सच्या नैऋत्येस लांद नावाचा सपाट प्रदेश आहे. तेथे देवदाराच्या जातीच्या पाइन झाडांची लागवड आहे, एकेका रानात एकाच वयाची झाडे, ओळीत. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये काम करणाऱ्या ल तोआन या विदुषीने विमानातून घेतलेल्या रडार-चित्रांशी तेथली झाडांची मोजमापे ताडून पाहिली आणि १९९२ साली निष्कर्ष छापला: लहर जितकी लांब, तितका वजनाशी मेळ चांगला. पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे रान वाढत जाते आणि परतणारी लहर तेवढीच राहते. आमच्या बाजारात स्प्रिंगचा काटा असतो. तो दहा किलोचा असेल आणि त्याला तुम्ही पंधरा किलोचा फणस अडकवलात, तर तो दहावरच टेकून राहील. वीस किलोचा अडकवलात तरी दहावरच. रडारचा काटा असा टेकतो. १९९५ साली मार्क इमहॉफ याने आकडे दिले: साडेपाच-सहा सेंटिमीटरच्या लहरीचा काटा हेक्टरी सुमारे २० टनांवर टेकतो, तेवीस-चोवीसच्या लहरीचा ४० टनांवर, सत्तरच्या जवळपासच्या लहरीचा १०० टनांवर. दुसऱ्यांचे आकडे याहून थोडे वरचे आहेत. परंतु विषुववृत्ताजवळचे दाट अरण्य हेक्टरी तीनशे, चारशे टनांचे असते. म्हणजे जेथे माल सर्वांत अधिक, नेमका तेथेच काटा निकामी!

या अडचणीतून वाट काढण्यासाठी निरनिराळ्या यंत्रांची माहिती एकत्र गुंफून नकाशे झाले. २०११ साली सासान साची आणि मंडळींनी तिन्ही खंडांतील उष्ण अरण्यांचा नकाशा दिला, त्यात एकूण २४७ अब्ज टन कार्बन. दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या एका गटाचा नकाशा आला. मग २०१४ साली एडवर्ड मिचर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील चारशेंवर मोजलेले तुकडे घेऊन दोन्ही नकाशे तपासले, आणि कित्येक प्रदेशांत नकाशे जमिनीवरच्या मोजणीपासून पंचवीस टक्क्यांहूनही अधिक भटकलेले निघाले. ईशान्येला, गयानांच्या बाजूस, रान सर्वांत जड आहे, नैऋत्येला हलके. ही चढण नकाशांत उतरलीच नव्हती.

असे का व्हावे? उत्तर आमच्या सुतारबाबांनी एका शब्दात दिले असते: लाकूड. वरून पाहणाऱ्या यंत्राला झाडाचा आकार कळतो, लाकडाची जात कळत नाही. काटेसावरीची फळी आणि खैराची फळी हातात घेऊन पाहा. २०१४ साली झेरोम शाव्ह आणि इतरांनी ५८ ठिकाणची ४००४ झाडे, जी खरोखरच तोडून वजन केलेली होती, त्यांवरून एक सूत्र बसविले. खोडाची जाडी, झाडाची उंची आणि लाकडाची घनता, या तिहींवर ते चालते. मी त्यात आकडे घालून पाहिले. जाडी ५० सेंटिमीटर, उंची ३० मीटर. लाकूड सावरीसारखे हलके, घनता ०·३ धरली तर झाडाचे सुके वजन सुमारे १२०० किलो. लाकूड जड, घनता ०·९ धरली तर सुमारे ३५०० किलो. बाहेरून दोन्ही झाडे सारखीच. गयानांच्या बाजूला जड लाकडाच्या जाती अधिक, हे तेथल्या जमिनीवर फिरलेल्या माणसांना ठाऊक होते. यंत्राला कोण सांगणार?

नकाशे करणाऱ्यांनीही उलट उत्तर दिले आणि ते टाकाऊ नाही. त्यांचे म्हणणे, चारशे तुकडे म्हणजे एवढ्या अफाट रानात चिमूटभर. शिवाय हे तुकडे माणूस जेथे पोचू शकतो तेथेच आखले जातात. कोठारातल्या धान्याची परीक्षा दाराजवळच्या पोत्यावरून करू नये, हेही खरेच.

इकडे ल तोआनबाईंनी सत्तर सेंटिमीटरच्या लहरीचा पिच्छा सोडला नव्हता. ही लहर तोवर कोणत्याही रडार-उपग्रहावर नव्हती, कारण तिच्यावर परवानगीच नव्हती. रेडिओच्या लहरींची वाटणी साऱ्या जगाची मिळून ठरते. २००३ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेत ४३२ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी या कामास मिळाली. अट अशी, की अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या लष्करी रडारांना व्यत्यय येऊ नये. म्हणून उत्तर अमेरिका आणि युरोप यांवर हे रडार चालवावयाचे नाही. उष्ण अरण्ये त्या पट्ट्यात नाहीत, तेव्हा निभावले.

पण काटा शंभरावर टेकतो, त्याचे काय? त्यासाठी २००९ साली फ्रेंच गयानात पाराकू आणि नुराग या, वर्षानुवर्षे मोजलेल्या रानांवरून विमानाने एक प्रयोग केला. एकाच रानावरून थोड्या थोड्या वेगळ्या मार्गाने अनेक फेऱ्या मारल्या. दवाखान्यात शरीराचे कापे कापे दाखविणारे यंत्र असते ना, तसे त्या फेऱ्यांतून रानाचे मजले वेगळे केले: जमीन, तिच्यावर दहा मीटर, वीस मीटर, तीस मीटर. आणि कुणाला पटकन सुचणार नाही असे उत्तर मिळाले. साऱ्या रानाची एकत्रित लहर वजनाविषयी फारसे बोलत नव्हती. सुमारे तीस मीटर उंचीच्या मजल्यावरून परतलेली लहर मात्र वजनाबरोबर नीट चढत होती, आणि तेही हेक्टरी दोनशे ते पाचशे टनांच्या रानात. खालच्या मजल्यांत जमिनीचा, ओलाव्याचा, उताराचा गोंगाट मिसळतो. वरच्या मजल्यावर फक्त मोठी झाडे पोचतात. मला या साऱ्या इतिहासातला हा टप्पा सर्वांत आवडतो. काटा तोच, पण तो कुठे अडकवावा हे कळले.

पुढे २०१५-१६ मध्ये आफ्रिकेत गॅबन देशातील रानांवर असाच प्रयोग झाला. मधल्या काळात, २०१३ साली, युरोपच्या अवकाश संस्थेने ल तोआन आणि मंडळींची योजना स्वीकारली. आणि २९ एप्रिल २०२५ रोजी 'बायोमास' नावाचा उपग्रह वर गेला. उड्डाण झाले कुरू येथून, म्हणजे त्याच फ्रेंच गयानातून. लहर सुमारे सत्तर सेंटिमीटरची, तबकडी बारा मीटर व्यासाची, मजले वेगळे करण्यासाठी तीन-तीन दिवसांनी सात फेऱ्या. लांद येथील निष्कर्ष छापल्याला तोवर तेहतीस वर्षे झाली होती. जून २०२५ मध्ये पहिली चित्रे दाखविली, त्यात बोलिव्हियाचे अरण्य आणि गॅबनची इविंदो नदी होती.

गॅबनचे नाव दोनदा आले, ते उगीच नाही. २०२१ साली त्या देशाला, रान राखले आणि त्यामुळे कार्बन हवेत कमी गेला म्हणून, नॉर्वेच्या पैशातून १ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. आफ्रिकेत असे पैसे मिळवणारा तो पहिला देश. रानाच्या टनांवर जेव्हा पैसा ठरतो, तेव्हा हेक्टरी तीनशे की चारशे हा वाद शास्त्रज्ञांपुरता राहत नाही. काटा कुणाच्या हातात, हा प्रश्न येतो. आणि काट्याला माप लावून देणारे कोण? तर चिखलातून, जळवांतून जाऊन खोडाला टेप लावणारी माणसे. उपग्रह स्वतः किलो जाणत नाही. त्याला जाणवतो तो लहरीचा जोर. अमुक जोर म्हणजे अमुक टन, हे त्याला मोजलेल्या तुकड्यावरूनच शिकवावे लागते. उपग्रहावर कोट्यवधी खर्च होतात, तुकडे मोजण्याला तुटपुंजा पैसा मिळतो, आणि मोजलेले आकडे मात्र सर्वांनी फुकट वापरावे अशी अपेक्षा असते, अशी तक्रार उष्ण कटिबंधातील संशोधकांनी २०२२ साली उघडपणे छापली. ती मला रास्त वाटते.

आपल्या देशाचाही या कथेत वाटा आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' हा उपग्रह गेला. इस्रो आणि अमेरिकेची नासा यांचे हे जोडकाम. त्याच्यावर दोन रडार: चोवीस सेंटिमीटरच्या लहरीचे अमेरिकेचे, नऊ-साडेनऊ सेंटिमीटरच्या लहरीचे आपले. ७४७ किलोमीटर उंचीवरून बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवर येतो, ढग असोत वा नसोत. वजनाच्या कामी त्याचे उद्दिष्ट हेक्टरी शंभर टनांच्या आतल्या रानाचे आहे. म्हणजे विरळ पानगळीची राने, झुडपी माळ, तोडीनंतर पुन्हा फुटलेली राई, हे त्याचे क्षेत्र. घाटातल्या दाट सदाहरित रानात त्याचाही काटा टेकणार. तेथे सत्तर सेंटिमीटरवाल्याला विचारावे लागेल.

शिक्षक बंधु-भगिनींना एक सुचवितो. शाळेच्या आवारातल्या एका झाडाचा घेर मुलांकडून मोजवा. खोड छातीच्या उंचीवर मोजतात. आपल्याकडे वनखाते जमिनीपासून १ मीटर ३७ सेंटिमीटर धरते, बाहेर बहुतेक ठिकाणी १ मीटर ३०. जेथे टेप लावली तेथे रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा, झाडाचे नाव, तारीख आणि आकडा वहीत लिहा, आणि दिवाळीच्या सुटीनंतर त्याच रेघेवर पुन्हा टेप लावा.